निरोपे सरांचा सतरा नंबर

सरांचं आडनाव निरोपे नव्हतं. पण शाळेच्या पत्त्यावर त्यांच्यासाठी येणाऱ्या लग्नपत्रिकांपैकी निम्म्या तरी ‘श्री. निरोपे सर व परिवार’ अशा असायच्या, आणि सर त्या कौतुकाने दाखवायचे.

एकदा एक नवीन पालक स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. मुलाची अ‍ॅडमिशन झाली होती, वर्ग कळला होता, आता त्यांना फक्त एकच गोष्ट कळायची राहिली होती.

“निरोपे सर आपणच का?”

“लोक म्हणतात तसं.”

“नाही, म्हणजे निरोपे... कुठले आपण?”

“इथलाच. मोहन्याचा. मागे कंपनीची चाळ आहे ना, तिथला.”

“तसं नाही हो. मूळचे. निरोपे म्हणजे कोणात येतात?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पांढऱ्या पेशींत,” ते म्हणाले.

गृहस्थ “अच्छा, अच्छा” करत निघाले. बाहेर गेटवर त्यांनी आमच्या शिपाई मामांना विचारलं म्हणे, “पांढरपेशे म्हणजे आपले ते, वरचेच ना?” मामांनी हे येऊन सांगितलं तेव्हा सर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. सरांचे आजोबा गावकुसाबाहेर राहायचे, आणि वडील बौद्ध झाल्यावर रेयॉन कंपनीत कामाला लागून मोहन्यात आलेले. “एका शब्दात वर चढवलं मला,” सर म्हणाले. “विज्ञानाची ही ताकद आहे, बाई.”

‘निरोपे’ या नावाच्या बारशाला मी हजर होते. मी डोंबिवलीची. त्या शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा आंबिवली स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला “बंद कंपनीमागची शाळा” एवढं सांगितलं की पुरायचं. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये एकच खुर्ची रिकामी होती, सरांच्या शेजारची. मी बसले तशी त्यांनी ओळख करून दिली.

“नमस्कार, बाई. मी विज्ञान शिकवतो. मला सोरायसिस आहे. त्वचेचा आजार. लागत नाही. खुर्चीवर कधी पांढरा भुगा दिसला तर तो माझा, झटकला की झालं. आधीच्या बाई ही खुर्ची भिंतीपर्यंत ओढून न्यायच्या. पुढे त्यांनी नोकरी सोडली, पण त्यात माझा काही हात नाही.”

स्वतःच्या आजाराबद्दल इतकं मोकळं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मात्र एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा त्यांच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली, गळ्याशी कॉलर बंद. ते शर्ट वहिनी, म्हणजे त्यांची बायको, घरी शिवायच्या. त्या मोहन्यातच शिवणाचा क्लास चालवतात. तोंड मोकळं आणि बाह्या बंद, याचं मला काही विशेष वाटलं नाही. रोज बघितलेल्या माणसाकडे आपण पुढे बघतच नाही.

तर एकदा मधल्या सुट्टीत सरांनी डबा बाजूला सारला. “बाई, तुम्ही मराठीच्या. सायटोकाईनला शब्द द्या.”

“आधी ते काय असतं ते तरी सांगा.”

“पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पोलीस, हे सगळी पुस्तकं सांगतात. पण हे पोलीस एकमेकांशी बोलतात कसे? ना फोन, ना शिट्टी. एक पेशी इवलंसं प्रथिन सोडते. ते रक्तातून जातं, दुसऱ्या पेशीच्या अंगावरच्या बरोब्बर त्या खाचेत बसतं, आणि तिला कळतं, चोर आलाय, चल. किंवा, चोर गेला, आता झोप. एवढंच. आपण निरोगी असतो ते एवढ्यावर, आणि आजारी पडतो तेही पुष्कळदा एवढ्यावरच.”

“मग संदेशवाहक प्रथिन.”

“नको. फलाट बदलल्याची घोषणा वाटते.”

“दूत?”

“दूत फार नटूनथटून येतात. मला साधा माणूस हवाय. दारात उभ्या उभ्या, चप्पल न काढता सांगून जाणारा.”

“निरोप्या,” मी म्हणाले.

सर थांबले. “निरोप्या. एक निरोप्या, अनेक निरोपे.” त्यांनी अर्धी पोळी तशीच डब्यात टाकली आणि सुट्टी संपायच्या आत नववीच्या वर्गात जाऊन फळाभर तो शब्द लिहिला. शाळा सुटेपर्यंत पोरांनी तो त्यांच्यावरच चिकटवला.

त्यानंतर आमची स्टाफरूम स्टाफरूम राहिली नाही. या निरोप्यांतल्या एका मोठ्या घराण्याला इंटरल्यूकिन म्हणतात आणि त्यांना नावांऐवजी नंबर असतात, ही माहिती सरांच्या हातात असल्यावर दुसरं काय होणार? मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सहा नंबर. हा निरोप्या थेट मेंदूपर्यंत जातो आणि अंगात ताप चढवतो. शिपाई मामा दहा नंबर, कारण दहा नंबर सगळ्यांना शांत करतो, आणि मामांचं अर्धं आयुष्य “जाऊ दे ना सर, जाऊ दे ना बाई” म्हणण्यात गेलेलं. मला त्यांनी नंबर दिला नाही, पदवी दिली: इंटरफेरॉन. विषाणू घुसलेल्या पेशीतून हा निरोप्या बाहेर पडतो आणि शेजारणींना ओरडून सांगतो, माझं काय व्हायचं ते होवो, तुम्ही कड्या लावून घ्या! माझं टेबल खिडकीशी होतं. तपासणीला येणाऱ्या साहेबांची गाडी पहिल्यांदा मला दिसायची, आणि मी सगळ्या वर्गांतून ओरडत जायचे.

हे मोठ्या बाईंच्या कानावर गेलंच.

“सर, तुम्ही मला सहा नंबर म्हणता?”

“हो, बाई.”

“म्हणजे चांगलं का वाईट?”

“वेळेवर आला आणि वेळेवर गेला तर जीव वाचवतो. मुक्काम केला तर सांधे धरतो.”

बाई विचारात पडल्या. त्या दिवशीची मीटिंग लवकर संपली.

“आणि सर, तुम्ही स्वतः कितवे?” मी विचारलं.

“मी कोणी नाही. मी गाव. निरोपे माझ्यात राहतात.”

त्यांच्या गावात मुख्य उपद्रव सतरा नंबरचा. इंटरल्यूकिन सतरा. सोरायसिसमध्ये हा निरोप्या विनाकारण कातडीच्या पेशींना सांगत सुटतो, जखम झालीय, भरा, भरा! जखम नसतेच. पण पेशी बिचाऱ्या हुकुमाच्या ताबेदार. ज्या कातडीने महिनाभर सावकाश तयार व्हायचं ती काही दिवसांत थरावर थर चढवत राहते, लाल होते, तिचे पांढरे पापुद्रे सुटतात. सर सतरा नंबरबद्दल असं बोलायचे, जसं एखादा माणूस वाया गेलेल्या पण मनाने चांगल्या मेव्हण्याबद्दल बोलतो. “आज तापलाय.” “काल जरा गप्प होता.” “निरोप खोटा नसतो हो त्याचा. पत्ता चुकतो.”

एखाद्या मुलाला वर्गात ताप भरला की बाकीचे मास्तर आधी त्याच्या घरी फोन लावायचे. सर आधी त्याच्याशी हात मिळवायचे. “अभिनंदन. तुझे निरोपे पोचले.” मूल तापाने लाल झालेलं, त्याला कळायचं नाही हसावं का रडावं. मग सर त्याला स्वतःच्या स्कूटरवर बसवून घरी सोडायचे आणि आईला बजावून यायचे, डॉक्टरकडे ने, अंगारा नंतर लाव.

मग टीव्हीवर रोज रुग्णांचे आकडे यायला लागले, ते वर्ष आलं. शाळा बंद होती. एका संध्याकाळी बातम्यांत सायटोकाईनचं वादळ असा शब्द आला आणि मी उत्साहाने सरांना फोन केला. “सर, तुमचा शब्द टीव्हीवर आला!”

त्यांचा धाकटा भाऊ, रिक्षा चालवायचा, तो तेव्हा ऑक्सिजनवर होता. “बाई,” ते म्हणाले, “डॉक्टर म्हणतात विषाणू आता फारसा उरलेला नाही. पण निरोपे थांबायलाच तयार नाहीत. सगळीकडून एकच ओरडा, आला, आला. चोर कधीच गेला, आणि घर आमचीच माणसं जाळतायत.” वर्गात हेच वाक्य त्यांनी टाळी घेत म्हटलं असतं. त्या दिवशी ते हळू आवाजात म्हणाले आणि फोन ठेवला.

भाऊ वाचला. निरोप्यांची तोंडं बांधणारी औषधं दिली, आणि हळूहळू तो घरी आला. जिना चढताना अजून मधे थांबतो, पण रिक्षा चालवतो. सरांनी मला परत फोन केला तेव्हा ते पुन्हा आमचे सर होते. “दहा नंबरचं महत्त्व लोकांना कळत नाही, बाई. ओरडायला सगळे तयार. ‘बास आता’ म्हणणारा एखादाच.”

शाळा सुरू झाल्यावर एक चूर्णवाला स्टाफरूममध्ये आला. इम्युनिटी वाढवणारं चूर्ण, सकाळ-संध्याकाळ एक चमचा.

“किती वाढते?” सरांनी विचारलं.

“जेवढी वाढवाल तेवढी, सर!”

“माझी इतकी वाढलीय की ती माझ्याच अंगावर चालून येते. तुमच्याकडे कमी करायचं काही आहे का?”

तो माणूस कामाला नवीन असावा. त्याने खरोखर पिशवीत हात घालून शोधलं.

आता खिचडीचं सांगते. शाळेतली खिचडी मुलांना वाढायच्या आधी एका शिक्षकाने चव घेऊन बघायची असते. हे काम कुणालाच नको असायचं, म्हणून ते सरांकडे. ते मोठ्या गंभीरपणे वाटी घ्यायचे, एक घास खायचे, डोळे मिटायचे आणि “मीठ!” किंवा “उत्तम!” असा निकाल द्यायचे. एक दिवस शाळेच्या पालक समितीतल्या एका गृहस्थांनी मोठ्या बाईंकडे तक्रार केली. सिक्युरिटी एजन्सी चालवणारे, जाड सोन्याची साखळी घालणारे, बोलायला तसे सभ्य. “सरांबद्दल आदर आहे, मॅडम. पण त्यांचे हात बघितलेत का? नखं बघितलीत? अन्नाजवळ असा माणूस नको. चार पालक तेच म्हणतायत.”

मोठ्या बाईंनी सरांना बोलावून घेतलं. मीही तिथेच होते. “सर, थोडे दिवस चव दुसऱ्या कुणीतरी घेऊ दे. विषय थंड होईल.”

“विषय थंड होईल, बाई, खिचडीही होईल,” सर म्हणाले. “पण मी बाजूला झालो तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल. पोरंही तेच शिकतील. मला पालकांशी बोलू द्या. त्यानंतर ते नको म्हणाले तर मी वाटी खाली ठेवतो.”

शनिवारी नववीच्या वर्गात पालक जमले. आया जास्त, बाप थोडे. बाकं मुलांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. साखळीवाले गृहस्थ पुढच्या बाकावर. सर आत आले, नमस्कार केला आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या कानात काहीतरी कुजबुजले. मग म्हणाले, “हे तुमच्या मागच्या दोघींना सांगा. त्यांनी आणखी दोघांना सांगायचं. मी जरा खडू आणतो.”

आणि ते चक्क निघून गेले.

मी आणि मोठ्या बाई मागे उभ्या होतो. कुजबुज माझ्यापर्यंत आली तेव्हा तिचं रूप होतं, “बाकाखाली जनावर आहे, हलू नका.” मोहन्यात जनावर म्हणजे साप, आणि तिथे साप निघतातही. कुणीतरी पाय वर घेतले. ते बघून शेजारच्यांनी घेतले. मागच्या कोपऱ्यात एक बाई किंचाळल्या. एक बाक कलंडलं, त्या आवाजाने सगळा वर्ग उठला. सर खडू घेऊन परत आले तेव्हा निम्मे पालक बाकांवर उभे होते आणि साखळीवाले गृहस्थ पंख्याच्या अगदी जवळ पोचले होते. मोठ्या बाई माझा दंड धरून, “मामा! काठी! मामा!” ओरडत होत्या.

“जनावर नाहीये,” सर म्हणाले.

कुणी खाली उतरेना.

“कधीच नव्हतं. मी या ताईंच्या कानात नुसतं ‘जनावर आहे’ म्हणालो. यांनी खोटं सांगितलं का? नाही. तुम्ही मूर्ख आहात का? मुळीच नाही. साप खरंच असता तर तुम्ही जे केलंत तेच बरोबर होतं. माझ्या कोपरावर, गुडघ्यावर हेच चाललंय. जखम नाही, पण जखम झाल्याचा निरोप फिरतोय, आणि माझी कातडी प्रामाणिकपणे बाकावर चढून बसलीय.” मग ते साखळीवाल्या गृहस्थांकडे वळले. “आता मला सांगा, साहेब, तुम्ही बाकावर चढलात. मी तुम्हाला हात लावला तर मला बाकावर चढायचा रोग होईल का?”

वर्ग हसला. गृहस्थही हसले, पण उतरताना त्यांची पँट बाकाच्या खिळ्यात अडकली आणि त्यांना मामांचा आधार घ्यावा लागला.

“लांब बसणं मला नवीन नाही,” सर पुढे म्हणाले. आवाज तोच, मिश्कील. “माझ्या आजोबांपासून लोक लांब बसायचे, आणि कारणही सांगायचे नाहीत. तुम्ही निदान कारण सांगताय, ही प्रगती आहे. पण कारण चुकलंय, म्हणून आलो.”

यावर कुणी हसलं नाही. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक आगरी बाई उठल्या. मासळी विकतात, बाजारातून तशाच आल्या होत्या.

“पन सर, दुखतं का वो ते?”

सरांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. आम्ही शेजारी बसून इतकी वर्षं डबा खाल्ला, मीसुद्धा नाही.

“हो,” ते म्हणाले. “खाज येते, झोप लागत नाही. हिवाळ्यात चिरा पडतात. आणि हल्ली बोटंही दुखतात.”

“बघू.”

त्यांनी मनगटाचं बटण सोडलं. मी त्यांना ते सोडताना पहिल्यांदा बघत होते. बाही कोपरापर्यंत वर घेतली. बाईंनी पुढे येऊन त्यांचा हात स्वतःच्या हातात धरला, उलटासुलटा करून पाहिला, अगदी बाजारात काही निरखावं तसा.

“माजे सासूला असंच व्हतं,” त्या म्हणाल्या. “तिला आमी ताट येगलं दिल्तं. मरेपरेंत.”

त्या जागेवर जाऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मोठ्या बाईंना काही सुचलं नाही तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे मामांना चहा सांगितला.

सरांची वाटी सरांकडेच राहिली. सगळ्यांचं मन पालटलं असं मात्र नाही. साखळीवाल्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवसापासून मुलाला घरून डबा द्यायला सुरुवात केली. मुलगा तो डबा संपवून खिचडीच्या रांगेतही उभा राहायचा. वर्षअखेरीस चांगला गुटगुटीत झाला.

बोटांचं ते जे सरांनी वर्गात सांगितलं, ते वाढत गेलं. उजव्या हाताची दोन बोटं सुजून गाजरासारखी झाली. खडू हातातून पडायचा. सोरायसिसवाल्या काही जणांना असं सांध्यांचंही होतं. सर डाव्या हाताने फळ्यावर लिहायला लागले आणि मुलांना म्हणाले, हा तुमच्या वाचनाचा सराव आहे.

एक दिवस वहिनींचा मला फोन आला. “तुम्ही सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत. ठाण्याला एक डॉक्टर आहे म्हणतात, या सतरा नंबरचंच इंजेक्शन निघालंय. यांना सगळं माहितीये, पण जायचं नाव नको.”

मी घरी गेले. सर कॉटवर बसले होते, उजवा हात उशीवर ठेवून. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, ज्यांची बाजू मी जन्मभर वर्गात मांडली, त्यांच्यावरच सुई घेऊन धावू?”

“हे वर्गात बोला,” वहिनी शिवणयंत्रावरून म्हणाल्या. “रात्री कण्हता ते मी ऐकते.”

त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही.

आम्ही तिघं ठाण्याला गेलो. कोपरीत, स्टेशनपासून चालत जाण्यासारखा दवाखाना. डॉक्टर म्हणजे आमच्या माजी विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी. सर खुर्चीत बसले आणि सुरू झाले. तेवीस नंबर निरोप कसा देतो, त्यावरून सतरा नंबर कसा पेटतो, तो कातडीकडे काय सांगतो, सांध्याकडे काय. मुलीने सगळं शांतपणे ऐकलं.

“काका, फार छान सांगता. मला शिकवणाऱ्यांनीही इतकं छान नव्हतं सांगितलं. आता शर्ट काढा.”

“हात बघा ना. हातावर सगळं दिसतं.”

“पूर्ण बघावं लागेल.”

“वर्णन सांगू का? मी नीट सांगू शकतो.”

“शर्ट, काका.”

मी उठून बाहेर बाकावर जाऊन बसले. दरवाजाऐवजी पडदा होता, त्यामुळे ऐकू येत होतं. मग त्या मुलीचा आवाज आला, अगदी हलका: “काका, इतकी वर्षं तुम्ही हे नुसतं समजून घेत बसलात?”

सर बाहेर आले तेव्हा शर्टाचं एक बटण वरच्या काजात गेलं होतं. वहिनींनी ते रस्त्यातच थांबून नीट लावलं.

हे इंजेक्शन निरोप्याला वाटेतच गाठतं, त्यामुळे खरा चोर आला तर गाव थोडं बेसावध राहू शकतं. म्हणून आधी एक्स-रे, रक्त, अंगात कुठे क्षयाचे जंतू दडून बसलेत का, सगळं तपासलं. औषध स्वस्त नव्हतं. ते कसं जमवलं, हे वहिनींनी कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. सुई टोचायची कशी ते नर्सने दाखवायला घेतलं, तर वहिनी म्हणाल्या, “सुई मला नवीन नाही, पोरी. कुठे घालायची तेवढं सांग.”

हळूहळू पापुद्रे कमी झाले. माझ्या शेजारची खुर्ची झटकावी लागेना. बोटांची सूज उतरली आणि फळ्यावरचं अक्षर परत वाचता यायला लागलं; मुलं म्हणाली, डावं बरं होतं सर, तेव्हा गृहपाठ समजायचा नाही. सर खुश होते, पण थोडे हरवल्यासारखेही. “सवय झालेली हो त्याची,” ते म्हणायचे. कुणी “बरे झालात!” म्हटलं की चटकन दुरुस्ती करायचे: “बरा नाही. सतरा नंबर आहे जागेवरच. त्याला दारात अडवून धरलंय. सुई थांबली की येईल परत.” बाह्या मात्र अजून मनगटापर्यंतच होत्या. मी एकदा वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “कातडीचं गेलं. डोक्यातलं कोणत्या नंबरचं आहे कोण जाणे.”

गेल्या फेब्रुवारीत वहिनींच्या भावाने खडवलीला घर बांधलं. मलाही बोलावणं होतं. सकाळी बुद्धवंदना झाली, दुपारी पंगत झाली, आणि जेवण अंगावर आल्यावर आम्ही तिघं नदीवर गेलो. भातसेला तेव्हा पाणी कमी असतं. मधे मधे खडक उघडे पडतात, काठाशी गुडघाभर, पुढे छातीइतकं. वहिनी आणि मी एका खडकावर बसलो. सर काठावर उभे.

बराच वेळ उभेच होते. मला वाटलं आता आम्हाला पाण्यातल्या शेवाळाबद्दल काहीतरी ऐकावं लागणार. पण त्यांनी मनगटाची बटणं सोडली, मग समोरची, एकेक करून. शर्ट काढला, व्यवस्थित घडी केली, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला. आणि कुणाकडेही न बघता पाण्यात शिरले.

पाठीवर फिकट तपकिरी डाग होते, जुन्या नकाशासारखे. बाकी पाठ साधी, कुणाचीही असते तशी. छातीइतक्या पाण्यात जाऊन त्यांनी बुडी मारली, नाकातोंडात पाणी घेऊन वर आले, खोकले आणि पुन्हा बुडी मारली. पलीकडे म्हशी धूत असलेल्या माणसाने एकदा बघितलं आणि म्हशींकडे वळला.

“अहो, पुरे! सर्दी होईल!” वहिनी ओरडल्या. “डॉक्टरने जपायला सांगितलंय!”

सरांनी ऐकू आलं नाही असं केलं.

“मी हाक मारू का, वहिनी?” मी विचारलं.

“नको, राहू दे.” त्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. “डॉक्टर नेहमी सांगायचे, कोवळं ऊन घ्या, बरं असतं. हे दार लावून बसायचे. खिडकीसुद्धा. मी रोज मलम लावलंय त्या पाठीला, ट्यूबलाईटखाली. तेव्हा नुसतं पांढरं आणि लाल दिसायचं.”

सर पाण्यात आमच्याकडे पाठ करून उभे होते. दुपारचं ऊन त्यांच्या खांद्यांवर पडलं होतं.

वहिनी एकदम पुढे झुकल्या. डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. मग माझा हात धरला आणि बोट दाखवलं.

“ते बघा. डाव्या खांद्याच्या खाली,” त्या म्हणाल्या. “तीळ आहे यांच्या पाठीवर. मला माहीतच नव्हतं.”